मंडळी कशाच्या आधारावर उभी आहे?

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. बाप्तिस्मा घेऊन २२ वर्षे झाली होती. गाठीला पैसा नव्हता. हातात आले की देऊन टाकायचे हा त्यांचा स्वभाव, आणि त्या स्वभावापायी घर कसे चालायचे ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त ज्याने वाचले आहे त्याला वेगळे सांगायला नको. अशा घराचा एकमेव भरवसा म्हणजे मिशनचा पगार. तोच त्यांनी सोडला. मिशनऱ्यांशी भांडण झाले नव्हते, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या पत्राचे काम सुटले नाही, जुनी मैत्रीही तुटली नाही. त्यांना एवढेच वाटत होते, की ख्रिस्ताचा हिंदी शिष्य परक्या देशातून येणाऱ्या पैशावर जेवतो आहे तोवर या देशातल्या माणसाला ख्रिस्त साहेबाचाच देव वाटणार. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. त्या वाटेवरच्या माणसाला मिशनचा बंगला आड येऊ नये, ही त्यांची तळमळ होती. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ चालला नाही.

दरबार संपला, पण तो ज्या प्रश्नातून उभा राहिला तो प्रश्न संपला नाही. नगरला, पुण्याला, वसईला, मुंबईच्या उपनगरांत, जिथे जिथे ख्रिस्ती माणसे चार गोष्टी मोकळेपणाने बोलायला बसतात, तिथे आजच्या काळात चर्चने देवाशी इमान कसे राखायचे हा विषय निघतोच. मग ठरलेली उत्तरे येतात. तरुण उपासनेला येत नाहीत. मोबाइलने वेड लावले आहे. घरातली कौटुंबिक प्रार्थना बंद पडली. बाहेर द्वेष वाढला आहे. यातले काहीच खोटे नाही. पण या उत्तरांत दोष कायम दुसऱ्या कोणाचा तरी असतो. टिळकांनी दोष दुसऱ्यावर टाकला नव्हता. आपण स्वतः कशाच्या आधारावर उभे आहोत एवढेच त्यांनी तपासले, आणि तो आधार चुकीचा वाटल्यावर सोडला. मराठी मंडळीचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा हेच जाणवत आले आहे, की चर्चचा खरेपणा त्याने टेकायला काय धरले आहे त्यावर ठरतो. गर्दी किती, गायन किती गोड, इमारत केवढी, ते सगळे त्यानंतर येते.

हा विचार टिळकांच्याही आधीचा आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. नगरचे ठाणे १८३१ सालचे. या मिशनला पैसा पुरवणाऱ्या बॉस्टनच्या संस्थेचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थानात आले, मुंबई आणि नगरचे काम त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि सुवार्ता स्वतः सांगावी, असे त्यांचे मत होते. परक्यांनी यायचे ते जाण्यासाठी. त्यांनी शहरातल्या इंग्रजी शाळांपेक्षा खेड्यातल्या मंडळ्यांवर भर दिला, गावच्या माणसांना पाळक करा असा आग्रह धरला. शाळांच्या बाबतीत त्यांनी फार घाई केली असे मला वाटते. शिक्षणाची भूक असलेल्या माणसांचे त्यात नुकसानच झाले. मात्र स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा त्यांचा आग्रह बरोबर होता, आणि तो पुरा व्हायला फार उशीर लागला.

पुढे मिशनरी गेले. शाळा, दवाखाने, वसतिगृहे, बंगले आणि त्याभोवतीच्या जमिनी स्थानिक लोकांच्या हाती आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. एकता, साक्ष आणि सेवा हे त्याचे ब्रीद. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांच्या पंक्तीला प्रभुभोजन घेतले नसते, ते एका मेजाशी आले ही फार मोठी गोष्ट होती, आणि तिचे मोल आपण अजून पुरते ओळखलेले नाही. पण त्याच पन्नास-पंचावन्न वर्षांत शहरे वाढली आणि कधीकाळी गावाबाहेर असलेले मिशन कंपाउंड भर बाजारात आले. जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला, आणि मंडळीची भाषा हळूहळू बदलत गेली.

ती भाषा ऐकायची असेल तर रविवारी चर्चमध्ये जाऊन भागत नाही, सोमवारी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावे लागते. तिथल्या बाकांवर पांढऱ्या कॉलरचे पाळक आणि फाइली बगलेत धरलेले कमिटी सदस्य बसलेले असतात. चेंज रिपोर्ट दाखल झाला का, त्यावर हरकत कोणी घेतली, विश्वस्त कोण, जुन्या घटनेतले की नव्या, तारीख कधीची. एकाच मंडळीचे दोन गट, दोघांचे वकील वेगळे, दोघांची लेटरहेड वेगळी. आदल्याच दिवशी हीच माणसे एकाच रांगेत गुडघे टेकून बसलेली असतात. एखाद्या जमिनीचा व्यवहार सभासदांना वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीतून कळतो. प्रत्येक मंडळीत असे चालते असे मी म्हणत नाही. स्वच्छ हिशेब ठेवणाऱ्या, दरवर्षी तो छापून वाटणाऱ्या कमिट्या मला माहीत आहेत. पण जिथे जमीन हाच आधार झाला आहे तिथे पाळकाचा वेळ, वडीलधाऱ्यांचे शहाणपण आणि तरुणांचा विश्वास तिन्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर खर्च होतात. तरुण चर्चला का येत नाहीत, याचे निम्मे उत्तर मला तिथेच मिळते. त्यांनी घरातले मोठे लोक उपासनेवरून परत येताना काय बोलतात ते लहानपणापासून ऐकलेले असते.

याच्या अगदी उलट चित्र नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत उपकारस्तुतीच्या उपासनेला दिसते. पीक हाती आले की एक रविवार ठरतो. वेदीसमोर बाजरीची कणसे, उसाची मोळी, भोपळे, वांग्यांची पाटी, पाय बांधलेली गावरान कोंबडी, कोणाच्या घरचे लोणचे, कोणी शिवलेले पिशवीभर कपडे. पेटी-तबल्यावर ‘उपासना संगीत’मधली गीते होतात, संदेश होतो, आणि मग बाहेर अंगणात लिलाव. एका गावात एका आजींनी पदराखाली झाकून दोन अंडी आणली होती. शेतजमीन नाही, घरी तीन कोंबड्या. पाळकांनी ती अंडी दोन्ही हातांत धरून वर केली आणि पहिली बोली पन्नासची लागली. पुण्याला टेम्पो चालवणारा एकजण दीडशेला घेऊन गेला आणि लगेच ‘मंडळीला परत’ म्हणून टेबलावर ठेवली. पुन्हा बोली. निवृत्त शिक्षकांनी घेतली, त्यांनीही परत दिली. तिसऱ्या फेरीला ती कोणी घेतली ते गर्दीत मला दिसले नाही, पण एकेका बोलीबरोबर आजींची मान ताठ होत चाललेली मी पाहत होतो. त्या दिवशी जमलेल्या पैशातून पाळकांचा थकलेला पगार आणि छपराचे पत्रे असा हिशेब तिथेच, सगळ्यांसमोर, वहीत मांडला गेला. दोन अंड्यांची नोंद त्या वहीत आजींच्या नावाने आहे.

मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० च्या सुमारास अशीच एक रीत सुरू केली. स्वयंपाकाला तांदूळ काढताना मूठभर बाजूला ठेवायचे आणि ते चर्चला द्यायचे. आज तिथल्या चर्चच्या कामाला त्या मुठीचा मोठा हातभार लागतो. तिथले चर्च देशातल्या सर्वांत स्वावलंबी चर्चपैकी एक आहे. आमच्याकडे जमीन होती म्हणून मूठ बाजूला काढायची सवय लागली नाही, हे मला फार लागते.

* * *

आता जातीबद्दल. हा विषय निघाला की चर्चच्या बैठकीत खुर्च्या सरकवल्याचे आवाज येऊ लागतात, म्हणून तो सविस्तर लिहायला हवा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जानेवारी १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन वेधून घेतल्याचे त्यांनी तिथे सांगितले, आणि लगेच ख्रिस्ती समाजाला खडसावलेही. शाळा-दवाखान्यांच्या सावलीत सुखाने बसून हक्कांसाठी न लढणारा समाज, असा त्यांचा रोख होता. त्यांचे याहून कठोर लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात ते आहे. त्यात ते विचारतात, की अस्पृश्य माणूस ख्रिस्ती झाल्यावर त्याची जात सुटली का? मिशनचा पैसा ज्या शिक्षणावर आणि औषधोपचारावर खर्च झाला त्याचा लाभ कोणी घेतला? आणि चर्चने बाप्तिस्मा दिलेल्या माणसावर सवर्ण अन्याय करतात तेव्हा चर्च कुठे असते? मुळाशी जाऊन ते असे म्हणतात, की तुझे दुःख तुझ्या पापामुळे आहे अशी शिकवण मिळालेल्या माणसाला आपले दुःख अन्यायी समाजरचनेने दिले आहे हे दिसत नाही, आणि म्हणून तो लढायला उठत नाही.

मी हे लिखाण अनेक धर्मगुरूंच्या आणि पाळकांच्या कपाटात शोधले आहे. फार थोड्या ठिकाणी सापडले. खरे तर प्रत्येक धर्मविद्यालयात ते पहिल्या वर्षी वाचून घ्यायला हवे, कारण मराठी मंडळीचा पाया ज्या माणसांनी घातला ते बहुतेक महार आणि मांग वस्तीतून आले. गाव त्यांना विहिरीवर येऊ देत नव्हते, आणि कोणीतरी त्यांच्या मुलांच्या हातात पाटी दिली. नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या तो काळ आठवा. ती पाटी फार मोठी होती. पण पाटी देणारे गेल्यावर मंडळीच्या आत काय उरले? लग्न ठरवताना अजूनही आडनावावरून ‘मूळ’ विचारले जाते. पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत पॅनेल कसे पडते ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. एकाच खेड्यात दोन प्रार्थनागृहे असतात, आणि दोन्हीकडे एकच बायबल वाचले जाते.

सरकारच्या बाजूने अन्याय आहेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधतो. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. या मागणीसाठी चर्चने मोर्चे काढले आणि ते योग्यच केले. फक्त एक गोष्ट मोर्चात चालताना मनात ठेवावी लागते. आमच्यात येऊनही या माणसांची जात छळते आहे, असे आपण सरकारला सांगतो, तेव्हा ती कोण छळते याचे अर्धे उत्तर चर्चच्या आवारात द्यावे लागते. ख्रिस्तात सगळे एक आहेत असे सांगणारे, पौलाने गलतीकरांना लिहिलेले पत्र दरवर्षी वाचायचे आणि सोयरीक जमवताना विसरायचे, हे इमान नाही. माझ्या मते आजच्या मराठी चर्चच्या विश्वासूपणाची पहिली परीक्षा इथेच आहे, आणि तिच्यात आपण नापास होत आलो आहोत.

* * *

आधार सुटल्यावरही उभे कसे राहायचे ते पंडिता रमाबाईंकडे पाहून कळते. त्यांचे केडगाव दौंडजवळ, रेल्वेच्या रस्त्यावर आहे. तिथे जाण्याआधी वाचकाने त्यांची पत्रे वाचावीत. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींच्या आश्रमात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. परका देश, हाताशी लहानगी मनोरमा, जवळ पैसा नाही, सगळा भार त्या आश्रमावर. अशा स्थितीत कोणीही मान खाली घालून वागले असते. रमाबाईंनी आश्रमातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धान्तापासून अंडे घातलेल्या पुडिंगपर्यंत सगळ्या बाबतीत वाद घातला. शाकाहार सोडणार नाही म्हणाल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत असे विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांनी सुचवले तेव्हा हिंदुस्थानात आपण पुरुषांच्या सभेत बोलत आलो आहोत याची आठवण करून दिली. ख्रिस्ताला शरण गेले आहे, तुमच्या चर्चच्या प्रत्येक रिवाजाला नाही, ही त्यांची भूमिका त्या पत्रांत पानोपानी आहे. तिकडे इंग्लंडात त्यांना हट्टी आणि गर्विष्ठ ठरवले गेले. इकडे १८९३ मध्ये त्यांनी काढलेल्या शारदासदन या शाळेतल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गहजब झाला आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. दोन्हीकडचे आधार गेले, आणि बाई उभ्याच राहिल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या मुक्तीसदनातल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या छावणीत आणि रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिले. राज्य ख्रिस्ती लोकांचे होते, पत्र लिहिणारी ख्रिस्ती होती, आणि सरकारने आरोप झटकून टाकले तरी तिने माघार घेतली नाही. सत्तेवर कोण आहे ते पाहून चर्चने तोंड उघडायचे की मिटायचे ते ठरवू नये, याचा याहून चांगला धडा मला मराठी इतिहासात सापडलेला नाही.

१९०५ साली मुक्तीमध्ये मोठे आत्मिक जागरण झाले. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, गात. जगभरचे पेंटेकोस्टल लोक आजही त्या जागरणाचे नाव घेतात. नाव घेताना एक गोष्ट मात्र सुटते. ज्या मुली रात्री प्रार्थनेत होत्या त्याच दिवसा मागावर बसत, शेतात राबत, तेलघाणी चालवत, छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत सगळे बायबल आणले, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. मृत्यूच्या आदल्याच वर्षी मुलगी मनोरमा गेली होती, अंगात त्राण नव्हते, तरी शेवटची प्रुफे हातावेगळी करूनच बाई थांबल्या, असे त्यांच्या निकटच्यांनी लिहून ठेवले आहे.

आज मोठ्या मैदानांवर, मांडवांत आणि यूट्यूबवर आरोग्यसभा भरतात. लंगडे चालू लागल्याचे, कर्ज फिटल्याचे, व्हिसा मिळाल्याचे दाखले दिले जातात. तिथे जाणाऱ्या माणसांना मी दोष देणार नाही. दवाखाना परवडत नाही, पाळक घरी येत नाही, कोणीतरी डोक्यावर हात ठेवून नाव घेऊन प्रार्थना करतो, त्याकडे माणूस जाणारच. पण दशांशाच्या बदल्यात भरभराट देणारा देव आणि दुष्काळात मुलींना पोटाशी धरणारा देव या दोघांत निवड करायची वेळ आली तर मी केडगावच्या बाजूने आहे. जागरण खरे होते की नाही ते माग आणि खिळे सांगत होते.

* * *

वसईचा अनुभव या सगळ्याहून निराळा. तिथे अमेरिकन मिशन नव्हते, पोर्तुगीज सत्ता होती. १५३४ पासून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेईपर्यंत दोनशे वर्षे. त्या काळच्या जबरदस्तीचे डाग पुसायचा कोणी प्रयत्न करू नये. सत्ता गेली, लोक मात्र राहिले, आणि त्यांनी आपली सामवेदी आणि वाडवळी बोली, आपले लुगडे, लग्नातली गाणी आणि आपला विश्वास सगळेच सांभाळले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली आणि वसईने ती मनापासून घेतली. ‘सुवार्ता’ मासिकाने धर्मग्रामाच्या बाहेरच्या मराठी वाचकापर्यंत हात नेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ पासून २००७ पर्यंत त्याचे संपादक होते.

१९८८ च्या सुमारास वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाची दारे उघडली. केळीच्या बागा, विड्याच्या पानांचे मळे, फुलांची शेते, त्यांच्यामध्ये पाणी साठवणारी लंबगोल बावखले. दादरच्या बाजारात पहाटे भाजी नेणाऱ्या बायका ज्या पाण्यावर जगत होत्या ते पाणी टँकर भरून नव्या इमारतींना जाऊ लागले आणि विहिरींना खारटपणा चढू लागला. दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून रस्त्यावर आले. समोर बिल्डर होते, टँकरवाले होते आणि त्यांच्यामागे दहशत होती. धर्मगुरूने वेदी सोडून पाण्याच्या भानगडीत का पडावे, असे चर्चच्या आतूनही विचारले गेले. समितीत हिंदू होते, मुस्लिम होते, समाजवादी होते, देव न मानणारेही होते. पोप फ्रान्सिस यांचे सृष्टीच्या जतनावरचे पत्र २०१५ मध्ये आले. वसईचा शेतकरी त्याच्या पंचवीस वर्षे आधी तेच म्हणत रस्त्यावर बसला होता.

सगळे वाचले असे नाही. आज वसईत उतरून पश्चिमेला गेलात तर बुजवलेली बावखले आणि उभे राहिलेले टॉवर दिसतात. लढा पुरता जिंकला गेला नाही. तरीही त्यातून एक गोष्ट मिळाली, जी पैशाने विकत मिळत नाही. मराठी समाजाने त्या धर्मगुरूला आपला मानले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये त्या वेळच्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवला, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. पाठीच्या दुखण्याने बेजार असताना ते गेले आणि बोलले. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले बहुतेक लोक ख्रिस्ती नव्हते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले तेव्हा वसईत सगळ्या धर्मांचे लोक रडले. अल्पसंख्याकांच्या सुरक्षेबद्दल चर्चवाले नेत्यांच्या दारात जातात, निवेदने देतात, निवडणुकीच्या तोंडावर हार घालतात. सुरक्षा लागतेच, मी ती नाकारत नाही. मात्र शेजाऱ्याच्या विहिरीसाठी उभे राहिलेल्या चर्चमागे शेजारी उभा राहतो, हे वसईने दाखवले, आणि त्याला कोणाच्या शिफारशीची चिठ्ठी लागली नाही.

धर्माच्या पलीकडची अशी सोबत नगर जिल्ह्यातही दिसते. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. उसाच्या पट्ट्यातला मजूर, त्याची बायको, डोक्यावर गाठोडे, कडेवर पोर, रांगेत हातात मेणबत्ती. कोण कॅथॉलिक, कोण प्रोटेस्टंट, कोण बौद्ध, कोण हिंदू ते रांगेत कोणी विचारत नाही. शिकलेल्या ख्रिस्ती माणसाला ही भक्ती कधी कधी भाबडी वाटते. मला ती तशी वाटत नाही. या माणसांनी मंडळीकडे जमीन मागितलेली नाही, पदही मागितलेले नाही. ती चालत येतात, आणि ती यायची थांबली तर चर्चकडे इमारत उरेल आणि उपासनेला कोणी उरणार नाही.

एक काळजी मात्र वाटते. ज्या शाळांनी या मजुरांच्या आज्यांच्या हाती पाटी दिली, त्या संस्थांच्या आजच्या इंग्रजी शाळांची फी त्यांच्या नातवंडांना परवडते का, हा प्रश्न प्रत्येक संचालक मंडळाने विचारावा. शाळेचे नाव मोठे झाले आणि मांगवाड्यातले पोर दाराबाहेर राहिले, तर भिंतीवरचा क्रूस त्या शाळेला ख्रिस्ती ठरवत नाही.

ज्यांच्या हाती मंडळीच्या किल्ल्या आहेत त्या पाळकांना, धर्मगुरूंना, विश्वस्तांना आणि कमिटीच्या सभासदांना माझी विनंती आहे. वर्षाचा हिशेब मराठीत छापून चर्चच्या दारावर लावा. आपल्या घरातली पुढची सोयरीक ठरवताना मूळ विचारू नका, आणि कोणी विचारले तर उठून या. गावात पाण्यासाठी, रेशनसाठी, जमिनीसाठी कोणी बसले असेल तर त्याचा धर्म न विचारता त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि मंडळीच्या जमिनीचा कोणताही कागद सहीसाठी पुढे आला, तर तो आधी रविवारच्या उपासनेनंतर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. ज्याची वर्गणी सर्वांत लहान आहे त्यालाही त्यावर प्रश्न विचारू द्या, आणि त्याचे समाधान झाल्याशिवाय सही करू नका.